वाळूजच्या शेडमधील गॅन्ट्री रोबोट: तिन्ही ऋतूंतील वापरानंतरचा अनुभव

वाळूज औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात दुचाकीसाठी लागणारे फोर्जिंगचे (तापवून ठोकून घडवलेले) हब, म्हणजे चाकाचे मधले भाग, टर्निंग करून (लेथवर कातून) पुढे पाठवले जातात. या कामासाठी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर आम्ही सरळ रेषेत चालणाऱ्या अक्षांचा गॅन्ट्री रोबोट, म्हणजे डोक्यावरच्या बीमवरून सरकत लेथमध्ये भाग लावणारा आणि काढणारा रोबोट, बसवला. तो उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू झाला, पावसाळा आणि हिवाळा त्याने याच शेडमध्ये काढला. छत्रपती संभाजीनगर आणि जालना भागातील अनेक लहान-मध्यम कारखानदार सध्या अशाच खरेदीच्या विचारात आहेत आणि त्यांच्या हाती बहुतेक वेळा फक्त कॅटलॉग असतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी रचना सांगतो. दोन्ही लेथच्या वर सुमारे पाच मीटर लांबीचा पोलादी बीम आहे आणि तो स्पिंडलच्या (लेथच्या फिरत्या दांड्याच्या) अक्षाला समांतर आहे. त्यावरून आडवा अक्ष धावतो, उभा अक्ष लेथच्या छताच्या सरकत्या झाकणातून आत उतरतो, दुहेरी ग्रिपर (रोबोटची पकड) तयार जॉब, म्हणजे लेथवर कातलेला भाग, काढतो, फिरतो आणि कच्चा जॉब चकमध्ये (लेथच्या जबड्यांच्या पकडीत) ढकलतो. दोन लेथच्या मध्ये जॉब उलटा करण्याचे एक ठाणे आहे. आडवा अक्ष रॅक आणि पिनियनवर (सरळ दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारे दातेरी चाक) आहे, तर उभा अक्ष बॉल स्क्रूवर (नटात गोळ्या असलेल्या फिरत्या स्क्रूवर) आहे.

सहा अक्षांचा हात (सहा सांध्यांवर वळणारा रोबोटचा हात) घ्यावा की गॅन्ट्री, हा प्रश्न आमच्यासमोरही होता. सहा अक्षांचा हात अवघड कोनातून वळून काम करू शकतो आणि उद्या काम बदलले तर त्याला दुसरीकडेही लावता येते, हे मान्यच आहे. परंतु आमच्या जॉबचा मार्ग वर, आडवा आणि खाली एवढाच होता, त्यात वळणाची गरजच नव्हती. शिवाय तो हात लेथच्या पुढ्यात उभा राहिला असता, म्हणजे टूल बदलायला, इन्सर्ट (टूलचे कापणारे पाते) पाहायला किंवा चकचे जबडे काढायला ऑपरेटरला दर वेळी कुंपणाच्या आत शिरून त्याला बाजूला न्यावे लागले असते. गॅन्ट्री डोक्यावरून चालते आणि लेथचे पुढचे दार मोकळे राहते. महिनोन्महिने वापरल्यानंतर मला वाटते की, लेथच्या लोडिंगसाठी एवढे एक कारणही निर्णयाला पुरेसे आहे.

दुसरे कारण आमच्या फिटरांचे आहे. या रोबोटमध्ये जे काही आहे, म्हणजे लिनियर गाईड (रेल आणि तिच्यावर सरकणारा ब्लॉक), बॉल स्क्रू, सर्वो मोटर, कपलिंग, ते सगळे सीएनसी मशिनमध्येही असते आणि आयटीआयमधून आलेल्या आमच्या मुलांचे हात त्यावर आधीच बसलेले आहेत. सहा अक्षांच्या हातातील रिड्यूसर (वेग कमी करणारा गिअर) आमच्यापैकी कोणी उघडणार नाही, तो बाहेरच पाठवावा लागतो. गाईडच्या बाबतीत 25 किंवा 35 अशा मापांच्या रेल आणि ब्लॉकची बसवण्याची मापे बहुतेक उत्पादकांकडे सारखी असतात, त्यामुळे गरज पडल्यास दुसऱ्या कंपनीचा संच बसवता येतो. मात्र एकाचा ब्लॉक दुसऱ्याच्या रेलवर चालवायचा नाही, जोडी बदलायची ती पूर्णच बदलायची.

कोटेशन मागवली तेव्हा प्रत्येक पुरवठादाराने पहिल्या पानावर तीन आकडे ठळक छापले होते: किती किलो उचलतो, किती वेगाने धावतो आणि पुन्हा त्याच जागी किती अचूक येतो. या तीन आकड्यांवर निवड करू नये, असे माझे ठाम मत आहे.

वजनाचे पाहा. आमचे दोन जॉब आणि ग्रिपर मिळून 14 किलो भरतात, आणि 20 किलोचा अक्ष त्याला सहज पुरेल असे कागदावर दिसते. परंतु हे वजन गाईडच्या नेमके खाली टांगलेले नसते. आमचे वजनाचे केंद्र गाईडपासून सुमारे 300 मिलिमीटर पुढे आहे, म्हणजे रोबोट स्थिर उभा असतानाही गाईडवर 41 न्यूटन-मीटरचा मोमेंट (तिला पिळू पाहणारा जोर) येतो. उभा अक्ष 700 मिलिमीटर खाली उतरलेला असताना आडवा अक्ष 2 मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने थांबला, तर आणखी जवळपास 20 न्यूटन-मीटरची भर पडते, आणि इमर्जन्सी स्टॉप दाबल्यावर तो दर 5 झाला तर हीच भर 49 वर जाते. हा हिशेब नुसत्या जॉब-ग्रिपरचा आहे, उभ्या अक्षाचे स्वतःचे वजन त्यात अजून धरायचे आहे. बॉलच्या गाईडवरचा भार दुप्पट झाला की तिचे आयुष्य निम्मे होत नाही, ते एक-अष्टमांशावर येते, कारण भार आणि आयुष्य यांच्या नात्यात घन आहे. म्हणून तिन्ही दिशांचे मोमेंट, तेही आपत्कालीन थांब्यासह, लेखी हिशेबात मागावेत. एका पुरवठादाराने हा हिशेब देण्याचे शेवटपर्यंत टाळले आणि त्याचे कोटेशन आम्ही तिथेच बाजूला ठेवले.

वेगाच्या आकड्याचेही तसेच आहे. आमच्याकडे कच्च्या जॉबच्या कन्व्हेयरपासून पहिल्या चकपर्यंतचे अंतर 1.5 मीटर आहे. कमाल वेग 1 मीटर प्रति सेकंद आणि प्रवेग 2 धरला, तर हे अंतर कापायला 2 सेकंद लागतात. कमाल वेग दुप्पट केला आणि प्रवेग तोच ठेवला, तर अक्ष त्या वेगाला पोहोचतच नाही, कारण निम्मे अंतर संपताच त्याला थांबायची तयारी करावी लागते, आणि वेळ येतो 1.73 सेकंद. दुसरीकडे वेग जुनाच ठेवून प्रवेग 4 केला तर 1.75 सेकंद लागतात. म्हणजे दुप्पट वेगाच्या मोटरचे पैसे मोजून हाती पडतो तो पाव सेकंद, आणि आमच्या हबचा कटिंगचा वेळ पाहता त्या पाव सेकंदाने दिवसाच्या उत्पादनात काहीही फरक पडत नाही. झाकण उघडणे, चक उघडणे, ग्रिपर फिरणे आणि जबड्यांवर हवा मारणे यातच खरा वेळ जातो, तिथे लक्ष दिल्यावर आमचा सायकल टाइम (एका जॉबला लागणारा एकूण वेळ) प्रत्यक्षात कमी झाला.

अचूकतेबद्दल थोडक्यात. तीन जबड्यांचा चक जॉबला स्वतःच मध्यावर आणतो, त्यामुळे लोडिंगसाठी पुन्हा त्याच जागी येण्याची अधिक-उणे 0.1 मिलिमीटरची अचूकता पुरेशी आहे. एका कोटेशनमध्ये आडव्या अक्षालाही बॉल स्क्रू देऊन 0.02 चे आश्वासन दिले होते. एवढ्या लांब स्क्रूला वेगात फिरवले की तो दोरीसारखा झुलू लागतो, आणि आधाराशिवायची लांबी दुप्पट झाली की त्याचा सुरक्षित फिरण्याचा वेग एक-चतुर्थांशावर येतो. म्हणून तो पर्याय आम्ही नाकारला. बेल्टचा पर्याय हलका आणि शांत होता, पण पाच मीटरवर बेल्टचा ताण सतत तपासत राहावा लागतो. रॅकला थोडा बॅकलॅश (दातांमधील ढिलेपणा) असतो आणि आवाजही जास्त येतो, तरी या लांबीला रॅकच योग्य ठरला.

आता ज्या गोष्टी कॅटलॉगमध्ये नसतात त्यांच्याकडे येतो, कारण मराठवाड्यात रोबोटची खरी परीक्षा त्यांच्यापाशी होते.

पहिली गोष्ट उष्णतेची. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी जमिनीलगत जे तापमान असते त्याहून छताजवळचे बरेच जास्त असते, आणि गॅन्ट्रीचा बीम नेमका तिथेच असतो. पोलाद दर मीटरला, दर अंशाला सुमारे 12 मायक्रॉन प्रसरण पावते, ॲल्युमिनियम सुमारे 23. पाच मीटरच्या बीममध्ये 25 अंशांचा फरक पडला तर पोलादात 1.5 मिलिमीटर आणि ॲल्युमिनियममध्ये जवळपास 2.9 मिलिमीटर वाढ होते. खाली काँक्रीटवर रोवलेले लेथ मात्र तेवढे सरकत नाहीत. आमच्या बीमचे एक टोक पहिल्या लेथजवळ पक्के आहे आणि दुसऱ्या टोकाला सरकायला वाव ठेवलेला आहे, त्यामुळे उन्हाळ्यात ठरवलेला जॉब ठेवण्याचा बिंदू डिसेंबरच्या पहिल्या पाळीत पहिल्या लेथवर जवळपास जागच्या जागी होता, पण दुसऱ्या लेथवर तो जवळजवळ एक मिलिमीटर हललेला आढळला. यावर उपाय होता आणि तो सुरुवातीपासून ग्रिपरमध्ये होता, म्हणून काम अडले नाही. ग्रिपरवर स्प्रिंगचा पुशर आहे, तो जॉबला चकच्या आतील स्टॉपरला टेकवेपर्यंत ढकलत राहतो आणि मिलिमीटरभराचा फरक स्वतः पचवतो. असा लवचीक पुशर नसलेला ग्रिपर आपल्याकडे घेऊच नये.

दुसरी गोष्ट विजेची. वळवाच्या पावसात, वादळी वाऱ्यात लाईट जाणे हे इथे गृहीतच धरावे लागते. चाचणीच्या वेळी आमच्या ऑपरेटर मामांनी जो प्रश्न विचारला तो मला कोणत्याही तपासणी यादीत दिसला नव्हता: "साहेब, हे खाली जाताना लाईट गेली अन् हातातला जॉब सुटला, तर चकचं काय होईल?" बॉल स्क्रू आपणहून अडून राहत नाही, वजनाने तो उलटा फिरतो, म्हणून उभ्या अक्षाच्या मोटरला वीज गेल्यावर लागणारा ब्रेक हवाच. ग्रिपरच्या व्हॉल्व्हला दोन्ही बाजूंनी कॉइल असावी, म्हणजे वीज गेली तरी तो शेवटच्या स्थितीत राहतो, आणि सिलिंडरजवळ चेक व्हॉल्व्ह (हवा परत जाऊ न देणारा) असावा, म्हणजे कॉम्प्रेसर बंद पडून लाईनमधील हवा उतरली तरी पकड सुटत नाही. मामांसमोरच आम्ही अक्ष खाली उतरत असताना मुख्य स्विच बंद करून पाहिला. अक्ष किंचित दबून थांबला, ग्रिपरमध्ये जॉब तसाच होता. ही चाचणी पुरवठादाराच्या माणसासमोर आणि पूर्ण वजनासह करून घ्यावी.

याच संदर्भात एन्कोडर (अक्ष कुठे आहे हे मोजणारा भाग) ॲब्सोल्युट, म्हणजे वीज गेली तरी जागा लक्षात ठेवणारा, असावा, हा आग्रह धरावा. साधा इन्क्रिमेंटल एन्कोडर असेल तर प्रत्येक वेळी लाईट आल्यावर होमिंग करावे लागते (अक्ष मूळ जागी नेऊन मोजणी नव्याने सुरू करावी लागते), आणि अक्ष लेथच्या पोटात अडकलेला असताना होमिंग करणे धोक्याचे असते. ॲब्सोल्युट एन्कोडरला बहुधा बॅटरी असते. ती ड्राइव्हचा कंट्रोल सप्लाय चालू ठेवूनच बदलावी, नाहीतर साठवलेली जागा पुसली जाते. आम्ही ही सूचना पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मराठीत लिहून चिकटवली आहे.

तिसरी गोष्ट धुळीची. आमच्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ वाऱ्याबरोबर आत येते आणि फोर्जिंगच्या कच्च्या जॉबवरचे स्केल (तापवताना धरलेली कडक पापडी) सुटून पडते. या दोन्हींचे ग्रीसबरोबर मिश्रण झाले की ते घासणाऱ्या पेस्टसारखे वागते. रेलच्या ब्लॉकला दुहेरी वायपर (रेलवरची धूळ पुसणाऱ्या पट्ट्या) मागून घेतले याचे फार समाधान आहे. रॅकवर मात्र उन्हाळ्याच्या शेवटी फेल्टच्या ल्युब्रिकेटरमागे काळा थर साचलेला दिसला, तेव्हापासून दर आठवड्याला रॅक कोरड्या कापडाने पुसून मगच ग्रीस दिले जाते. पावसाळ्यात दमट हवेने रेलच्या उघड्या टोकांना तांबूस डाग आले, ते तेलाच्या कापडाने निघाले.

या रोबोटबद्दल माझी खरी तक्रार देखभालीच्या रचनेची आहे. उभ्या अक्षाच्या खालच्या ब्लॉकचा ग्रीस निपल पत्र्याच्या कव्हरमागे लपलेला आहे. आमचा फिटर शिडीवर उभा राहून, एक हात कव्हरच्या फटीत घालून, चाचपून निपल शोधतो आणि मग वाकडी नळी लावतो. जे दिसत नाही त्याला ग्रीस मिळाले की नाही, याची खात्री कोणी द्यावी? पुरवठादाराला कळवले, तेव्हा सगळ्या ग्राहकांकडे रचना अशीच असल्याचे उत्तर मिळाले. शेवटी आम्ही सर्व निपलांच्या नळ्या एका पट्टीवर खाली आणल्या. खरेदीपूर्वी प्रत्येक निपलवर ग्रीस गन लावून दाखवायला सांगावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

केबल चेनमध्ये (हलत्या अक्षाबरोबर केबल नेणाऱ्या साखळीत) सतत वाकणे सोसणाऱ्या खास केबलच वापराव्यात, साध्या केबल काही महिन्यांतच आतून तुटतात आणि तो दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नसावी. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 मधील कलम 21 यंत्रांच्या कुंपणाबद्दलच होते. गॅन्ट्री डोक्यावरून फिरते म्हणून खाली धोका नाही असे समजणे चुकीचे आहे, कारण निसटलेला जॉब सरळ खालीच पडतो.

इतक्या महिन्यांत सेल, म्हणजे दोन लेथ आणि रोबोट मिळून झालेला संच, सर्वाधिक वेळा कशामुळे थांबला, याची नोंद पाहिली तर त्यात अक्षांचा वाटा किरकोळ आहे. बहुतेक थांबे चकच्या स्टॉपरवर चिप (कातलेल्या धातूचा कीस) अडकल्याचे आहेत. चिप अडकली की जॉब नीट टेकत नाही, हवेच्या दाबावर चालणारा सीट चेक ते पकडतो आणि स्पिंडल सुरू होऊ देत नाही. हा सीट चेक आमच्याकडे जादा पैसे देऊन घेतलेला भाग होता. तो नसता तर तिरके टर्निंग झालेले हब पुढे गेले असते. कूलंटची दिशा बदलून आणि जबड्यांवर हवेचा एक जेट वाढवून हे थांबे आता निम्म्याहून खाली आले आहेत.

दुसऱ्या सेलसाठी आम्ही पुन्हा गॅन्ट्रीच घेत आहोत, रॅक आणि पोलादी बीमसह. यावेळच्या मागणीपत्रात किलो, वेग आणि अचूकता हे आकडे शेवटच्या पानावर आहेत. पहिल्या पानावर आपत्कालीन थांब्यासह मोमेंटचा हिशेब, पूर्ण वजनासह वीज तोडून घ्यायची चाचणी, ॲब्सोल्युट एन्कोडर, दुहेरी वायपर, सीट चेक आणि जमिनीवर उभे राहून हात पोहोचेल अशा उंचीवर आणलेली ग्रीसची पट्टी, एवढ्या अटी आहेत. त्या मान्य करून दोन पुरवठादारांनी उत्तर दिले असून त्यांच्याशी बोलणी सुरू आहेत.