खिल्लार खोंडांना वळण लावणारी सेवा : सांगोला तालुक्यातील २१ दिवसांचा अनुभव

वडिलांच्या पश्चात शेती माझ्याकडे आली तेव्हा बैल हाताळण्याचा मला कसलाही सराव नव्हता. तरीही खरसुंडीच्या जत्रेतून मी दोन दाती (दोन पक्के दात आलेल्या) खिल्लार जातीच्या खोंडांची, म्हणजे तरुण बैलांची, जोडी घेऊन आलो, रंगावरून एक कोसा आणि एक काजळी. खिल्लार चपळ आणि काटक असते, पण परक्या माणसाचा हात ते सहजासहजी अंगाला लावून घेत नाही, याचा मी पुरेसा विचार केला नव्हता. महिन्याभरात अशी वेळ आली की काजळी मानेवर जू येताच उधळायचा आणि कोसा जुंपला की जागीच बसायचा. ओळखीच्या एका गाडीवानाने शेपूट पिरगाळून कोशाला उठवले. त्या दिवसापासून तो माझ्याही अंगावर येऊ लागला आणि त्याला पाणी दाखवायला जाण्याची मला भीती वाटू लागली. जोडी विकण्याचे जवळपास ठरले असतानाच, सांगोला तालुक्यात एका वस्तीवर खोंड शिकवून देणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, असे समजले.

त्यांची पहिली अट अशी की मालकाने निदान पहिला आठवडा आणि शेवटचे तीन दिवस तिथेच राहायचे. पहिले चार दिवस त्यांनी जुवाला हातसुद्धा लावला नाही. दावणीला वैरण टाकायची, गळ्याखालची पोळी खाजवायची, पाठीवरून हात फिरवायचा आणि बाजूला होऊन बसायचे, एवढेच काम. मी घाई करू लागलो तेव्हा ते म्हणाले, "पावनं, भ्यालेलं जनावर रवंथ करीत न्हाय. आपल्या म्होरं बसून रवंथ कराय लागलं, की मग जुवाचं बगू." काजळी पाचव्या दिवशी आमच्यासमोर निवांत बसून रवंथ करू लागला आणि त्यानंतरच त्याला एका कामाला सरावलेल्या, शांत बैलाच्या जोडीला घेतले, तेही सदैव उजव्या अंगाला, कारण शिकताना बाजू बदलली की खोंड गोंधळतो. आधी नुसते जू, मग मागे ओढायला लाकडाचा ओंडका, मग रिकामी गाडी, असा क्रम होता. तो उधळण्याचे खरे कारण मागून येणारा चाकांचा खडखडाट हे होते. म्हणून तो वैरण खात असताना दोन दिवस रिकामी गाडी त्याच्या आसपास फिरवली गेली. तिसऱ्या दिवशी त्याने मान वर करून पाहणेही सोडले.

कोशाची गोष्ट वेगळी निघाली, आणि माझ्या मते या सेवेची खरी किंमत इथेच कळते. त्याला सगळे जण 'बसका' म्हणून मोकळे झाले होते. यांनी मात्र खांदा दाबून पाहिला, तेव्हा कातडीखाली सूज आणि दुखरी जागा सापडली. माझे जू मागवून घेतल्यावर त्याच्या बाजूला लाकडात एक गाठ वर आलेली दिसली, जी प्रत्येक ओढीला नेमकी त्याच जागी रुतत होती. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी दिलेले मलम लावून आठ दिवस त्याच्या मानेवर काहीही ठेवले नाही आणि सुताराकडून जू तासून घेतले. पुन्हा जुंपल्यावर तो एकदाही बसला नाही. बेंदराला खांदेमळणी (बैलांचे खांदे चोळण्याचा विधी) करणाऱ्या आपल्या लोकांना बैलाचा खांदा वर्षभर तपासायला हवा हे सुचू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या वस्तीवर पराणी, म्हणजे बैलाला टोचायची काठी, नाही. काम पहाटे सुरू होते आणि ऊन चढण्याआधी थांबते. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत टोचणाऱ्या काठीला बंदी आहे, दिवसाला ९ तासांची मर्यादा आहे, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळेत जुंपण्यास मनाई आहे; हे नियम प्रत्यक्ष पाळले जाताना मी इथेच पाहिले.

उणिवाही आहेत. पेंड आणि औषधाचा खर्च वेगळा द्यावा लागतो, हे आधी सांगितले गेले नाही. मालकाच्या राहण्याची सोय म्हणजे एक पत्र्याची शेड. गाडीसाठी २१ दिवस पुरले, परंतु पाभर (पेरणीचे अवजार) सरळ रेषेत ओढायला ते पुरले नाहीत; ते काम अजून चालू आहे. मला सर्वांत खटकलेली बाब म्हणजे कासरा बहुतेक वेळ त्यांच्याच हाती राहिला. खोंड त्यांच्या हाकेला सरावले आणि घरी आल्यावर माझ्या आवाजावर वळायला आणखी आठवडा गेला. शेवटच्या तीन दिवसांऐवजी शेवटचा आठवडा मालकाच्या हाती कासरा द्यावा, असे मी त्यांना सांगितले आहे.

आपली जोडी तिथे नेणार असाल तर आपले जू, शिवळा (जुवाच्या खुंट्या) आणि रोजचे कासरे पहिल्याच दिवशी सोबत न्या. मी ते घरी ठेवून गेलो होतो, आणि तेवढ्यामुळे कोशाच्या दुखण्याचे कारण सापडायला चार दिवस उशीर झाला.