मॉस बर्गर: टोकियोत गेलात तर इथे खाच

टोकियोत मॉस बर्गरला जाऊन आले आणि खरं सांगते, तेरियाकी बर्गर एकदम भारी आहे यार! सोया सॉसची खारट गोड चव, वर मेयो, खाली करकरीत लेट्युस, पहिल्या घासातच कळतं की हे नेहमीचं केचपवालं प्रकरण नाहीये. १९७२ साली सुरू झालेली ही जपानचीच चेन आणि तेरियाकी बर्गर १९७३ पासून मेन्यूत आहे म्हणे, म्हणजे फ्युजनची फॅशन यायच्या कितीतरी आधीपासून.

पण माझं मन जिंकलं ते राइस बर्गरने. पावाऐवजी दाबून गोल केलेला भात, मध्ये सीफूडची काकिआगे म्हणजे आपल्या खेकडा भजीसारखी कुरकुरीत टेम्पुरा आणि भात जरा चिकट असल्यामुळे हातात सुटत नाही, फक्त गरम आहे तोवरच खा. ऑर्डर दिल्यावर बनवतात त्यामुळे थोडं थांबावं लागतं, थांबा, वर्थ आहे. सॉस भरपूर असतो, कागदी पाकिटातून बर्गर बाहेर काढू नका, तसाच खा. शाकाहारी असाल तर आधी नीट विचारून घ्या हां, काकिआगेत कोळंबी असते. सोबत मेलन सोडा घ्याच, हिरवागार!