टेबलाचं डावं टोक: एक्स्पोनेन्शियल, सरळ रेषा की क्वाड्रॅटिक?

इटरेटिव्ह बोल्ट्झमन इन्व्हर्जनमधून, म्हणजे रचना जुळेपर्यंत फेरीफेरीने सुधारत, कोर्स-ग्रेन्ड पोटेन्शियल (अनेक अणूंचा एक मणी, म्हणजे बीड, धरून अंतरानुसार ऊर्जेचं टेबल) काढलं की त्याचा डावीकडचा, कमी अंतराचा भाग रिकामा राहतो. बीड एकमेकांच्या इतक्या जवळ येतच नाहीत, म्हणून तिथे आरडीएफ (ठरावीक अंतरावर दुसरा बीड सापडण्याचं प्रमाण) शून्य. पोटेन्शियल त्याच्या लॉगवरून काढतात, आणि शून्याचा लॉग घेता येत नाही. तिथे काय भरायचं हा प्रश्न बहुतेकांना सिम्युलेशनचा रन फुटल्यावरच पडतो. व्होटका या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षकातले तिन्ही पर्याय हाताशी आहेत, मी तिन्ही वापरलेत. तुमची सिस्टिम वेगळी असेल तर अनुभवही वेगळा येऊ शकतो, हे धरूनच पुढचं वाचा.

एक्स्पोनेन्शियल पहिल्या नजरेत सगळ्यात शहाणा वाटतो. भिंत हळूहळू उंच होत जाते, आलेखही देखणा दिसतो. माझं त्याच्याशी बिनसलं ते एकाच गोष्टीवरून. त्याचा घातांक ठरतो टोकाचा (जिथे मोजलेला भाग संपतो तिथला) उतार भागिले टोकाची किंमत यावरून. उताराचं ठीक आहे, पण किंमत कुठल्या शून्यापासून मोजलेली? १९७४ चं हेंडरसनचं प्रमेय सांगतं की आरडीएफवरून जोडीचं पोटेन्शियल ठरतं, पण एक स्थिरांक मोकळाच राहतो. बलाला त्या स्थिरांकाशी काही देणंघेणं नाही. एक्स्पोनेन्शियलला मात्र आहे.

आकडे घालून बघा. टोक ०.४० नॅनोमीटरवर, तिथे किंमत ५ किलोज्यूल प्रति मोल, उतार नॅनोमीटरमागे उणे १००. एक्स्पोनेन्शियलने ०.३० नॅनोमीटरवर साधारण ३७ मिळतात. आता तेच पोटेन्शियल सगळीकडे ४ ने खाली सरकवा, म्हणजे टोकाला १ उरेल. तीच जागा, तोच उतार, आणि ०.३० वर उत्तर येतं २२ हजारांच्या वर! ३०० केल्विनला ४ किलोज्यूल म्हणजे दोन केटीसुद्धा (केटी म्हणजे त्या तापमानाची औष्णिक ऊर्जा) नाहीत. त्यात दाबाची दुरुस्ती (दाब जुळवायला पोटेन्शियलमध्ये केलेला बदल) चालू असेल तर दर फेरीत टोकाची किंमत हलते, उतार जवळपास तसाच राहतो. म्हणजे भिंत दर फेरीला वेगळी. कालपर्यंत सुरळीत चाललेला टाइमस्टेप (सिम्युलेशनचं एक वेळेचं पाऊल) आज का चालत नाही, याचं उत्तर मग फोर्स फील्डच्या भलत्याच कोपऱ्यात शोधत बसावं लागतं. टोकाची किंमत बऱ्याच केटींची असेल तर हा त्रास जाणवणारही नाही, हेही खरं.

सरळ रेषेला शून्य कुठे आहे याची पर्वा नाही. वरच्याच उदाहरणात ती अगदी केंद्रापर्यंत नेली तर ४५ किलोज्यूल होतात, ३०० केल्विनला सुमारे १८ केटी. समतोलातल्या द्रवाला एवढं पुरतं. सुरुवातीच्या रचनेत बीड एकमेकांवर चढले असतील तर उलट तिचं ठरावीक, सौम्य बल बरंच: बीड निमूट बाजूला होतात. पण तापमान किंवा दाब चढवला की १८ केटीचा भरवसा मला वाटत नाही, आणि टोकाचा उतारच कमी निघाला तर तेवढेही मिळत नाहीत.

खरी मेख उताराच्या चिन्हाची आहे. टोकाच्या बिनमध्ये (अंतराच्या छोट्या पट्टीत) चारच जोड्या मोजल्या गेल्या असतील तर मोजणीत ५० टक्के चूक गृहीत धरायची, म्हणजे पोटेन्शियलमध्ये अर्धा केटी. बिन ०.०१ नॅनोमीटरचा असेल तर उतारातली अनिश्चितता शंभरच्या वर जाते. चिन्ह उलटायला आणखी काय हवं? उलटलं की सरळ रेषा केंद्राकडे खड्डा खणते आणि बीड एकमेकांत जाऊन बसतात. एक्स्पोनेन्शियल शून्याकडे विरतो, भिंतच उरत नाही. क्वाड्रॅटिकमध्ये वक्रता १०,००० (किलोज्यूल प्रति मोल प्रति चौरस नॅनोमीटर) ठेवली असेल तर तोच उलटा उतार ०.०१ नॅनोमीटर आत गेल्यावर सावरतो. खड्डा फक्त अर्ध्या किलोज्यूलचा, केटीच्या पाचव्या हिश्शाएवढा.

म्हणून माझा कल क्वाड्रॅटिककडे. शून्य सरकवलं तरी तो ढळत नाही, खराब टोकही बऱ्यापैकी पचवतो. त्या वक्रतेला भौतिक अर्थ काही नाही, हा आक्षेप मान्य. मी ती टाइमस्टेप बघून ठरवतो: ७२ अणुवस्तुमान-एककांचे दोन बीड आणि १०,००० ची वक्रता धरली तर आंदोलनाचा काळ ०.३८ पिकोसेकंदाच्या आसपास येतो, १० फेम्टोसेकंदाच्या पावलाला तो आरामात झेपतो. भिंत कडक हवी म्हणून अंतराच्या (आर) उणे बाराव्या घाताचं शेपूट जोडणारेही आहेत. त्यात अंतर निम्मं झालं की बल ८१९२ पट होतं, तेव्हा त्याच्या वाटेला मी जात नाही.

कुठलाही पर्याय घ्या, टोकाचे दोन-चार गोंगाटी बिन आधी छाटा आणि पोटेन्शियलऐवजी बलाचा आलेख काढा. जोडावरची उडी तिथेच दिसते. लॅम्प्स या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये टेबल टोकापाशीच संपवलं तर जोडी आतल्या कटऑफच्या खाली गेल्याची एरर देऊन रन थांबतो, त्यामुळे निदान कुठे बघायचं ते तरी कळतं. ग्रोमॅक्स हा दुसरा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी आवृत्तीही तपासावी: २०२० मध्ये ग्रुप स्कीम (जवळच्या जोड्या हाताळायची जुनी पद्धत) काढून टाकल्यापासून नॉन-बाँडेड (बंधाने न जोडलेल्या जोड्यांची) टेबलं चालत नाहीत, त्यामुळे अशा कामाला २०१९ पर्यंतचीच आवृत्ती लागते.