साधं चौकोनी कडं की मिन्कोव्स्की कडं?

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवणारा पृष्ठभाग बनवायचा, म्हणजे पातळ थरावर तांब्याची सारखी कडी ओळीने छापायची, तर आधी साधं चौकोनी कडं आठवतं. परीघ साधारण एका तरंगलांबीइतका: १२५ मिलिमीटर, म्हणजे बाजू ३१ च्या आसपास. गणित सोपं, छपाई सोपी.

मिन्कोव्स्की कड्यात प्रत्येक बाजूला आत खाच पाडतात. तांब्याची वाट लांबते, चौकट लहान राहते. त्यामुळे कडी जवळजवळ बसतात आणि लहर तिरकी आली तरी अडवायची वारंवारता फारशी सरकत नाही. मला हाच त्याचा मोठा गुण वाटतो. पण अडवल्या जाणाऱ्या वारंवारतांचा पट्टा अरुंद होतो, आणि खाचेत खाच पाडत गेलात तर बारीक कोपरे एचिंगमध्ये (नको असलेलं तांबं रसायनाने काढताना) बिघडतात. आकारही मग फारसा घटत नाही.

सपाट भिंतीसाठी मी चौकोनच घेईन. वक्र रेडोमवर (अँटेनाच्या संरक्षक कवचावर) मात्र मिन्कोव्स्की, तेही एकाच पायरीचं, म्हणजे खाचेत खाच नसलेलं.