परसातलं तळं, ओंटारिओच्या थंडीत: तयार हौद बसवावा की खोल खणावं?

मे महिना उजाडला की टोरोंटोच्या आसपासच्या आपल्या मंडळींपैकी कुणीतरी विचारतंच, "परसात तळं करायचंय. दुकानात तो काळा तयार हौद मिळतो, तो बसवू का?" मी उलट विचारतो, फेब्रुवारीत मासे कुठे ठेवणार? घरात ठेवणार असाल तर खुशाल हौद घ्या. बाहेरच ठेवायचे असतील तर चार फूट खणायची तयारी ठेवा. मी दोन्ही केलंय, याच क्रमाने.

चार फूट का, ते आधी सांगतो. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. त्यामुळे थंडी वाढली की त्या तापमानाचं पाणी तळाशी बसतं आणि त्याहून गार झालेलं हलकं होऊन वर गोठतं. वर बर्फाचं झाकण, खाली ४ अंशांचा थर, आणि त्या थरात मासे जवळजवळ न हलता पडून. माझ्या तळ्यावर बर्फ वीतभर धरतो, कडक हिवाळ्यात दीड वीत. दीड फुटाच्या हौदातून तो वजा करा आणि माशांना काय उरतं ते बघा. त्यात हौदाच्या बाजूची जमीनही गोठते, म्हणजे थंडी चारही अंगांनी आत येते.

तरी तयार हौदाची बाजू अगदीच लंगडी नाही. टणक प्लास्टिकचा, पाचशे ते हजार लिटरचा हौद दोन माणसं एका शनिवारी बसवतात. खड्डा, खाली वाळूचा थर, वर पाणसळ. पाणसळ चुकवू नका. कड एका बाजूला इंचभर खाली गेली की दुसऱ्या बाजूचं काळं प्लास्टिक कायम उघडं दिसतं. पहिला उन्हाळा मजेत जातो. पुढे ओली जमीन गोठून फुगते आणि हौद वर ढकलते. माझ्या हौदाची एक कड दर एप्रिलला दोन बोटं वर आलेली असायची. मग हौद उपसा, वाळू सारखी करा, पुन्हा बसवा.

आणि ऑक्टोबरच्या मध्यात मासे बेसमेंटमध्ये. दुकानदार हे सांगत नाही. तीनशे लिटरचा टब, फिल्टर, वर जाळी, कारण नव्या जागी मासे उड्या मारतात. बेसमेंट उबदार, म्हणून मासे जागे. जागे म्हणून खाणार. खाणार म्हणून पाणी घाण. सहा महिने दर रविवारी मी बादल्या वाहिल्या. टोरोंटोच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाईन हे जंतुनाशक असतं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तरी ते उडून जात नाही, दर वेळी ते घालवणारं औषध घालावं लागतं.

खोल तळ्याचं उलटं आहे, त्रास सगळा आधीच. दहा बाय आठ फूट, चार फूट खोल खड्डा म्हणजे ३२० घनफूट, साधारण नऊ हजार लिटर पाणी. खणलेली माती मोकळी झाल्यावर फुगते, तिची जागा आधी ठरवा. आम्ही तिचा धबधब्यासाठी उंचवटा केला, तरी उरलेला ढीग दोन महिने बायकोच्या टोमॅटोच्या वाफ्यावर बसून होता. खणण्याआधी ओंटारिओ वन कॉल या नोंदणी सेवेकडे नोंद करून जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी आखून घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि घरमालकाला ते फुकट आहे. कुंपणाचे नियम गावागावात वेगळे, ते नगरपालिकेत विचारा.

अस्तराला ईपीडीएम रबर घ्या, १.१४ मिलिमीटर जाडीचं. लांबी मोजायची ती तळ्याची लांबी, अधिक दुप्पट खोली, अधिक दोन फूट, रुंदीलाही तसंच. वरच्या तळ्याला २० बाय १८ फूट लागतं. थोरल्या भावाने व्हिडिओ कॉलवर खड्डा बघून विचारलं, "एवढ्याला रबर कशाला? आपला शेततळ्याचा कागद टाक की." त्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद नाशकाकडच्या उतरत्या, रुंद बांधांवर ताणून बसतो. इथे अरुंद खड्ड्यात कोपऱ्याकोपऱ्याला चुण्या पडतात आणि वर उणे वीसची थंडी. रबर त्या थंडीतही लवचीक राहतं, कागद ताठ होतो. रबराखाली जाड फेल्ट घालाच. सिमेंटचा विचार करत असाल तर सोडून द्या. लोखंड न घालता केलेला पातळ हौद गोठण्या-वितळण्यात हमखास तडकतो.

खोल तळ्यातल्या माशांना हिवाळ्यात खाऊ घालायचं नाही. पाणी १० अंशांखाली गेलं की त्यांचं पचन थंडावतं, खाल्लेलं पोटातच राहतं. आई ऑक्टोबरात आली होती, ती रोज पोळीचे तुकडे घेऊन काठावर. शेवटी मी पाण्यात थर्मामीटर सोडला आणि तिला म्हटलं, "दहाच्या खाली त्यांचा उपास." ते तिला लगेच पटलं. गोल्डफिशचं तर विशेषच: प्राणवायू संपत आला की ते अंगातलं आम्ल अल्कोहोलमध्ये बदलून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. पण या करामतीच्या भरवशावर तळं बंद ठेवू नका. मेपलची पानं आत पडून बर्फाखाली कुजली की विषारी वायू साठतो, म्हणून सप्टेंबरअखेर वर जाळी आणि हिवाळाभर बर्फात एक भोक हवंच.

भोकासाठी दोन उपाय. तरंगता हीटर १५०० वॉटचा असेल आणि सतत चालला तर दिवसाला ३६ युनिट, महिन्याला हजाराच्या वर. थर्मोस्टॅटचा ३०० वॉटचा घेतला तर जास्तीत जास्त ७.२ युनिट दिवसाला, आणि तो सारखा चालतही नाही. ४० वॉटचा हवेचा पंप दिवसाला एक युनिटही खात नाही, शिवाय पाण्यात हवा मिसळते. मी पंपाच्या बाजूचा आहे. फक्त त्याच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा दगड तळाशी ठेवू नका, नाहीतर तिथलं उबदार पाणी घुसळून वर येतं. फूटभर खोलीवर पुरे. वारा पडलेल्या उणे पंचविसाच्या रात्री बुडबुड्यांवर बर्फाचा घुमट धरतो. तेव्हा गरम पाण्याचं पातेलं वर ठेवून तो वितळवायचा. हातोडा नको, त्याचे हादरे माशांना बसतात. २०१३ च्या डिसेंबरात गोठत्या पावसाने टोरोंटोत लाखो लोकांची वीज गेली, कुठे कुठे कित्येक दिवस. तशा वेळी हीटर आणि पंप सारखेच निरुपयोगी. खोल पाणी तेवढं धीर धरतं.

माझी चूक वेगळीच होती. दिसायला छान म्हणून पहिल्या जानेवारीत धबधबा चालू ठेवला. एका सकाळी बघतो तर तळं अर्धं रिकामं. दगडांवर बर्फ चढत चढत त्याची पन्हळ झाली होती आणि पंप रात्रभर पाणी रबराच्या कडेबाहेर, शेजाऱ्याच्या कुंपणाकडे लोटत होता. मासे तळाच्या दोन फुटांत दाटीवाटीने उभे. तेव्हापासून नोव्हेंबरात धबधबा बंद, नळ्या रिकाम्या, पंप घरात बादलीभर पाण्यात.

मग कुणी काय घ्यावं? भाड्याचं घर, लहानशी जागा, किंवा दोन-तीन वर्षांत घर बदलायचा बेत असेल तर हौद, आणि मासेही चार-पाचच. कोई जातीचे मासे हौदात ठेवूच नका, ते दोन फूट वाढतात. पण डिसेंबरात सहा आठवडे भारतात जाणाऱ्यांना बेसमेंटचा टब परवडत नाही. शेजाऱ्याला किल्ली देऊन बादल्या भरायला सांगणार का? तळ्यातल्या माशांना तेव्हा खाणंही नको, पाणीही नको. शेजाऱ्याने रोज एकदा खिडकीतून बुडबुडे दिसतात का एवढं बघितलं की झालं.

हौस फिटली तर मासे पावसाच्या पाण्याच्या सरकारी तळ्यात सोडू नका. हॅमिल्टनच्या बंदरात सोडलेल्या गोल्डफिशचं पेव फुटलंय. दुकानाला परत द्या, नाहीतर चार फूट खणलेल्या कुणाला तरी. माझ्याकडे अजून दोघांची जागा आहे.