प्री-६४ च्या नादात लागलेला चुना

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, हरणांच्या शिकारीच्या सीझनला ऑफिसातल्या दोघातिघांबरोबर जातो आणि बरीच वर्षं डोक्यात एकच भूत होतं, विंचेस्टर ९४ रायफल घ्यायची, थर्टी-थर्टी काडतुसाची, लिव्हरवाली (ट्रिगरखालचा दांडा पुढेमागे करून काडतूस भरायची), जुनीच. गावी आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा करायला मी त्यांच्याबरोबर जायचो, त्यामुळे वेड तसं घरातलंच.

तर १९६४ साली कंपनीने खर्च वाचवायला या मॉडेलमधे बदल केले, एकदोन पार्ट चक्क पत्र्यातून ठोकून काढायला लागले, म्हणून 'प्री-६४', म्हणजे त्याआधीची, म्हटलं की लोक जास्त पैसे मोजतात. मीपण मोजले, ९५० डॉलर. ऑनलाइन जाहिरात, दुसऱ्या राज्यातला माणूस, म्हणे आमच्या आजोबांची रायफल, ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) ओरिजिनल, नळी आतून आरशासारखी. सीरियल नंबर मागितला तर लगेच दिला, कुठला नंबर कुठल्या सालचा त्या तक्त्यात बघितला तर १९५० च्या आसपासचा निघाला. आणि तिथेच मी गंडलो, कारण नंबर खरा होता! साल खरं म्हणजे बाकीचंही खरंच असणार असं धरून चाललो. फोटो पाचच होते, सगळे लांबून काढलेले, नळीच्या तोंडाचा एकही नाही, पण मी मागितलेच नाहीत.

रायफल इथल्या डीलरकडे आली, फॉर्म भरला, बॅकग्राउंड चेक झाला आणि शनिवारी थेट रेंजवर. हा माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. परत करायला तीन दिवस होते पण अट अशी की एकही गोळी झाडायची नाही, आणि मी वीस झाडून मोकळा. ५० यार्डांवर गोळ्या ताटभर पसरल्या.

मग गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, नेली. त्याने भिंग लावून जे दाखवलं ते मला घरी टॉर्च घेऊन दिसलं असतं. गंजाचे बारीक खड्डे होते आणि त्या खड्ड्यांच्या आतसुद्धा ब्लूइंग, म्हणजे आधी गंजली आणि नंतर रंगवली. पॉलिश मारताना अक्षरांच्या कडा पुसट झालेल्या, कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल. डाव्या बाजूला स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवायला कोणीतरी जादा भोकं पाडली होती (ही रायफल रिकामं काडतूस वरून फेकते, म्हणून जुने लोक स्कोप बाजूला लावायचे), ती स्क्रूने बुजवलेली. आणि नळीचं तोंड एका बाजूने घासलेलं. या रायफलीची नळी मागून साफ करता येत नाही, रॉड पुढूनच घालावा लागतो, साठसत्तर वर्षं कोणी हलगर्जीपणे घातला की तोंडाशी आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा) झिजतात आणि मग नेम बोंबलतो. चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसतं तिथे, आतमधे पण खड्डे.

गनस्मिथ म्हणाला, तोंड नव्याने कापून देतो, नेम सुधारेल, पण कलेक्टर लोकांच्या लेखी किंमत निम्मी झाली समज. विकणाऱ्याला मेसेज टाकला तर उत्तर एका ओळीत, "तुम्ही फायर केली, विषय संपला." अटीप्रमाणे त्याचं बरोबरच होतं, आणि जाहिरातीतलं खोटं मी सिद्ध कसं करणार.

परवा त्याची नवीन जाहिरात दिसली. रायफल वेगळी आहे, आजोबा तेच.