व्ही-क्रॉसचा रिमॅप: फाइल अपडेट केल्यावर क्लच वाचला

रिमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) सॉफ्टवेअर बदलणं, त्या सॉफ्टवेअरलेच फाइल म्हणते. नवी फाइल टाकून अख्खा उन्हाळा गेला, आता लिहायले हरकत नाही. गाडी इसुझू व्ही-क्रॉस, बीएस-4 वाली 2.5 लिटर मॅन्युअल, ताकद 134 बीएचपी आन् टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, 320 एनएम. रोजचं वरूड-मोर्शी आन् वावरापर्यंतचा पांदण रस्ता. शोसाठी ठेवलेली गाडी नाही.

पहिला स्टेज-1 (पार्ट न बदलता नुसता रिमॅप) टाकला तेव्हा मजा आली, खोटं काऊन बोलू. ओव्हरटेकले गिअर पाडायचं कामच नाही. ट्यूनरनं, म्हणजे फाइल बनवणाऱ्यानं, टॉर्क 400 च्या वर नेला होता. मग परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढत होतो, मागे सिमेंटची चार पोती, चौथा गिअर, 1800 वर पाय दाबला तर आरपीएमचा काटा भर्रकन 2600 वर आन् स्पीड तिथल्या तिथं, वरून तो जळका वास. क्लच घसरत होता.

ट्यूनर म्हणे क्लच संपला, हेवी ड्यूटी टाका. काऊन टाकू? ओरिजनल फाइल परत चढवून, तेवढंच ओझं घेऊन त्याच चढावर गेलो तर क्लच जरा पण घसरला नाही. क्लचले बीएचपी कळत नाही भाऊ, त्याले टॉर्क कळते, आन् ट्यूनरनं सगळा टॉर्क 1800 आरपीएमलेच ओतून ठेवला होता. फाइल सुधारून द्या म्हटलं तर त्यानं अपडेटचे वेगळे पैसे मागितले, तिथं आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं चौथ्या गिअरचा फुल थ्रॉटल लॉग (पाय पूर्ण दाबल्यावरची इंजिनच्या आकड्यांची नोंद) दाखवा, मग पैशाचं बोला. शेवटी फुकटात करून दिलं.

आता 2000 आरपीएमच्या खाली टॉर्क जवळपास कंपनीएवढाच, तिथून हळूहळू चढते आन् 370 ले थांबते. 3000 च्या वरची ताकद पहिल्या रिमॅपसारखीच. सुरुवातीले गाडी मंद वाटली, फाइल परत बदलून मागायच्या विचारात होतो. पण रोज चालवल्यावर हीच आवडली, चिखलात चाक उगाच फिरत नाही, क्लचचा खर्च टळला ते वेगळंच.

मे महिन्यात 45 डिग्रीत थोडा काळा धूर दिसला. गरम हवेत ऑक्सिजन कमी भेटते हे खरं, पण इथं फाइलीचा दोष नव्हता. एअर फिल्टर काढून आपटला तर पांदणीची मातीच माती. नवीन टाकला, धूर बंद.

ॲव्हरेज डॅशबोर्डवर पाहू नका, रिमॅपनंतर तो आकडा फुगू शकते. टाकी फुल करून मोजा. माझं आरामात चालवलं तर थोडं वाढलं, पाय दाबला तर पहिल्यापेक्षा कमी. नुसतं डिझेल वाचवायले कोणी रिमॅप करत असन तर करू नका, पैसे निघत नाही.

वॉरंटी बाकी असन तर आधी विचार करा. आन् सर्व्हिसले देताना ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट करू नका असं जॉबकार्डवर लिहून घ्या, नाहीतर तुमची फाइल पुसली जाते. दोन्ही फाइली, ओरिजनल आन् नवी, ट्यूनरकडून पेन ड्राइव्हवर मागून घ्या, पैसे देण्याच्या आधी.